मोकळी जागा : नकाशावरची आणि जमिनीवरची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी साहित्य, संगीत, नाट्य हे आपल्या जिव्हाळ्याचे विषय बाजूला ठेवून नगररचनेसारखा रुक्ष विषय मी का निवडला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर असे आहे की, ज्या पिढीने या मंडळाची स्थापना केली ती बहुतांशी नोकरीनिमित्त बंगळूरला आली होती. निवृत्तीनंतर पुण्याला, कोल्हापूरला, नागपूरला परत जायचे, हे तिच्या मनात पक्के होते. प्रत्यक्षात पुष्कळजण येथेच राहिले. त्यांची मुले येथल्या शाळांत शिकली, आणि आता नातवंडे येथल्या मैदानांवर खेळत आहेत; निदान जेथे मैदान उरले आहे तेथे खेळत आहेत. म्हणून ज्या गावात आपण कायमचे राहिलो, त्या गावाची मोकळी जमीन कोण राखतो, कशी राखतो, आणि त्यात आपला वाटा कोणता, याचा विचार आपण केलाच पाहिजे, असे मला वाटते.

मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. गावाच्या कडेला गुरांसाठी गायरान असे. डोंगराच्या कुशीत देवाच्या नावाने राखलेली देवराई असे. तिच्यातील वाळकी काटकीही उचलायची नाही, असा कित्येक ठिकाणी दंडक होता. गावाच्या मध्यभागी वडापिंपळाचा पार असे आणि पाण्यासाठी तळे असे. आपण कर्नाटकात आलो आणि पाहिले, तर हीच व्यवस्था येथे निराळ्या नावांनी नांदत होती. गायरानाला येथे गोमाळ म्हणतात, कोडगू प्रांतातील देवराईला देवरकाडू म्हणतात, गावाच्या आमराईला गुंडुतोपू म्हणतात आणि तळ्याला केरे म्हणतात. शब्द बदलले, परंतु त्यामागची समजूत एकच आहे : काही जमीन कोणा एकाची नसते, म्हणून ती सर्वांनी सांभाळायची असते.

या जुन्या व्यवस्थेत एक भेद फार स्पष्ट होता, आणि माझ्या आजच्या विवेचनाचा तोच गाभा आहे. पार ही माणसांनी वावरण्याची जागा होती. देवराई ही राखून ठेवण्याची जागा होती. पारावर गप्पा रंगाव्यात, मुलांनी सूरपारंब्या खेळाव्यात. देवराईत मात्र कोणी तसे करीत नसे. पहिली जागा उपयोगाने जिवंत राहते, दुसरी संयमाने. आधुनिक शहराच्या नकाशावर या दोहोंना पुष्कळदा एकाच हिरव्या रंगाने रंगविले जाते, आणि तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

नगररचनेच्या या हिरव्या रंगाचा आपल्या देशातील इतिहास मोठा उद्बोधक आहे. राजांनी हौसेने बागा लावल्या. बंगळूरच्या लालबागेची सुरुवात हैदरअलीने १७६० साली केली. कबन पार्क १८७० मध्ये अस्तित्वात आले. आणि सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८७९ साली बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी कमाटीबाग उभी राहिली, तिला आज आपण सयाजीबाग म्हणतो. पण सामान्य माणसाच्या वस्तीत, त्याच्या दारापासून चालत जाता येईल अशा अंतरावर मोकळी जागा असलीच पाहिजे, ही कल्पना राजांच्या हौसेतून आली नाही. तिला मोठी चालना मिळाली ती प्लेगाच्या दहशतीतून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंडलेली हवा यांविरुद्ध उपाय म्हणून १८९८ मध्ये मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची रुंद रस्त्यांची वसाहत आणि तेथील पाच उद्याने ही त्या ट्रस्टच्या कामाची फळे होत. त्याच १८९८ साली प्लेग बंगळूरला पोहोचला, आणि जुन्या पेठेतील गर्दी कमी व्हावी म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या मोकळ्याढाकळ्या वसाहती विस्तारल्या. आपल्यापैकी कित्येकांची पहिली बिऱ्हाडे त्याच भागांत होती. तेथील रस्त्यांच्या सावलीत फिरताना आपण एका साथीने शिकविलेल्या धड्याचे फळ चाखत असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील या विषयावरचा तो पहिला कायदा होय. याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान येथे आले. त्यांनी १९१६ मध्ये बडोद्यासाठी आणि १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरसाठी अहवाल लिहिले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. मोजकी घरे हलवावीत, गल्लीच्या मध्ये एखादा चौक मोकळा करावा, त्यात झाड लावावे, जुनी तळी बुजविण्याऐवजी स्वच्छ करावीत, असे ते सांगत. शंभर वर्षांनंतरही या उपदेशातील एकही शब्द शिळा झालेला नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. एखाद्या शहरात मोकळी जागा नियोजनाने कशी निर्माण होते? स्थूलमानाने तिला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी आराखड्याची. संपूर्ण शहराचा विकास आराखडा तयार होतो. कोणत्या जमिनीवर घरे, कोठे कारखाने, कोठे बाजार आणि कोठे उद्यान हे त्यात ठरते. मसुदा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागविल्या जातात, आणि मग शासन त्याला मंजुरी देते. दुसरी पायरी अभिन्यासाची, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात लेआउट म्हणतो त्याची. येथे जमिनीचे भूखंड पाडताना ठरावीक हिस्सा बाजूला काढावा लागतो. बंगळूर विकास प्राधिकरणाच्या १९७६ च्या कायद्यात, पुढील दुरुस्त्या धरून, प्राधिकरणाच्या योजनेतील निदान १५ टक्के जमीन उद्याने व क्रीडांगणे यांसाठी आणि आणखी १० टक्के नागरी सोयींसाठी राखण्याची तरतूद आहे. गुजरातेत वाट थोडी निराळी आहे. तेथे १९७६ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून, त्यांतून रस्ते, उद्याने इत्यादींसाठी भाग काढून, उरलेली जमीन नव्या आखणीने मूळ मालकांनाच परत दिली जाते. मोकळ्या जागेचा भार एकाच मालकाच्या डोक्यावर न पडता सर्वांवर सारखा वाटला जातो, हा त्या पद्धतीचा गुण होय.

तिसरी पायरी ताब्याची आणि देखभालीची. जमीन सार्वजनिक संस्थेच्या नावावर येणे, तिला कुंपण, पाणी आणि माळी मिळणे, आणि ती लोकांना खुली होणे, हे सारे झाल्याखेरीज नकाशावरचा हिरवा चौकोन म्हणजे केवळ शाई होय. या तिसऱ्या पायरीवर किती आरक्षणे घसरतात याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार, आरक्षित जमीन १० वर्षांत संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर कायद्याने दिलेल्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. ही मुदत मुळात ६ महिन्यांची होती. पुढे ती वाढवून १२ आणि नंतर २४ महिने करण्यात आली. या कलमाला मी दोष देणार नाही. वर्षानुवर्षे जमीन अडकवून ठेवायची आणि पैसे मात्र द्यायचे नाहीत, हा मालकावर अन्यायच आहे. पण त्याचा दुसरा अर्थही आपण समजून घ्यावा : पालिकेपाशी पैसा नसला, किंवा इच्छा नसली, की केवळ काळ लोटू दिल्यानेही मैदान नाहीसे होऊ शकते. त्यासाठी कोणी लाच घेण्याची किंवा अतिक्रमण करण्याची गरजच नसते.

आणि जेथे जागा सार्वजनिक ताब्यात आहे, तेथे तरी ती सुरक्षित असते काय? आपल्याच शहरातील राजमहाल विलास विस्ताराची हकीकत या बाबतीत सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या वसाहतीच्या मंजूर योजनेत एक जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली होती. राज्य सरकारच्या आदेशाने ती एका खासगी संस्थेला रुग्णालयासाठी देण्यात आली. रुग्णालय हेही लोकोपयोगी काम, तेव्हा हरकत कशाला घ्यावी, असे कोणालाही वाटेल. पण तेथल्या रहिवाशांना तसे वाटले नाही. ते न्यायालयात गेले. पहिल्या फेरीत त्यांची याचिका फेटाळली गेली, खंडपीठाने मात्र त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि अखेर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे हे योजनेच्या हेतूशी विसंगत आहे, आणि शेजारी राहणाऱ्या नागरिकांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरविले. उद्याने ही पूर्वी सरदार-उमरावांच्या चैनीची बाब होती, आज ती लोकांनी स्वतःच स्वतःला दिलेली देणगी आहे, असा आशय त्या निकालपत्रात आहे. देशभरातील कितीतरी खटल्यांत पुढे या निकालाचा आधार घेतला गेला.

मित्रहो, या हकीकतीतील महत्त्वाचा मुद्दा हा की, जागा वाचली ती केवळ कायद्यात लिहिले होते म्हणून नव्हे. कायदा तर जागा दिली गेली तेव्हाही अस्तित्वात होता. ती वाचली, कारण ही जागा आपली आहे असे म्हणणारी माणसे शेजारी राहत होती, आणि त्यांनी वर्षानुवर्षे धीर सोडला नाही.

आता मघाशी सांगितलेल्या भेदाकडे पुन्हा वळतो. उद्यानाच्या जागेवर इमारत आली की अन्याय डोळ्यांना दिसतो. परंतु राखण्याच्या जागेवर खेळण्याची जागा आली, तर तो अन्याय आहे हेच आपल्याला उमगत नाही. बंगळूर हे नदीकाठचे गाव नव्हे. उंच पठारावरच्या या शहराला पाणी मिळावे म्हणून पूर्वीच्या लोकांनी उतारावर एकाखाली एक अशी तळी बांधली, आणि वरचे तळे भरले की पाणी खालच्या तळ्यात जावे यासाठी मोठे ओढे राखले. त्यांना येथे राजकालुवे म्हणतात. विसाव्या शतकात या तळ्यांचे काय झाले? धर्मांबुधी कोरडे पडले आणि तेथे मुख्य बसस्थानक झाले. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आले. करगा उत्सवाच्या विधीसाठी राखलेले लहानसे कुंड तेवढे त्याची आठवण म्हणून उरले. अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यावर हॉकीचे मैदान झाले, चल्लघट्टाच्या तळ्यावर गोल्फचे मैदान झाले, आणि कोरमंगलच्या एका तळ्याच्या जागी १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळी खेळाडूंसाठी वसाहत उभारली गेली. क्रीडांगण ही काही वाईट गोष्ट नव्हे. त्या क्रीडांगणांवर आपली मुलेही धावली आहेत. पण पाण्याने आपली वाट विसरावी, अशी अपेक्षा करता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराच्या पूर्व भागात जो हाहाकार उडाला, मोठमोठ्या कचेऱ्यांसमोर ट्रॅक्टरमधून आणि नावांमधून माणसे बाहेर काढावी लागली, त्याच्या मागे अतिवृष्टी होती हे खरे. परंतु बुजलेली तळी आणि आक्रसलेले ओढे यांचाही त्यात मोठा वाटा होता.

म्हणून नगररचनाकाराने हिरव्या रंगाच्या दोन छटा वापरल्या पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणेन. मैदान, बालोद्यान, व्यायामाची जागा ही घराजवळ हवी, लहान असली तरी चालेल, पण वस्तीवस्तीत हवी. तळे, ओढा, खडकाळ टेकडी, रानाचा तुकडा या गोष्टी मात्र निसर्गाने जेथे ठेवल्या तेथेच राखाव्या लागतात. त्या दुसरीकडे हलविता येत नाहीत. पहिलीची मोजणी माणसी किती चौरस मीटर अशी करता येते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरांसाठी माणसी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा इष्ट मानली आहे. दुसरीची मोजणी अशी करता येत नाही. पाणी कोठून येते, कोठे मुरते, आणि पक्षी कोठे उतरतात, यावरून ती ठरवावी लागते.

हा विवेक सामान्य नागरिकांपाशी असतो, याची दोन उदाहरणे देतो. शहराच्या दक्षिणेस तुरहळ्ळी नावाचे झुडपी रान आहे. तेथे वृक्षोद्यान करण्याची, म्हणजे वाटा आणि बैठकी करून लोकांना फिरण्याची सोय करण्याची योजना निघाली. वरवर पाहता योजना चांगली. पण २०२१ च्या फेब्रुवारीत आसपासचे नागरिकच तिच्याविरुद्ध उभे राहिले. आम्हाला बाग नको, रान आहे तसेच राहू द्या, असे त्यांचे म्हणणे होते, आणि शासनाला तो बेत सोडावा लागला. दुसरे उदाहरण सर्जापूर रस्त्यावरील कैकोंडरहळ्ळीच्या तळ्याचे. मरणपंथाला लागलेले ते तळे २००९ नंतर रहिवासी आणि त्या वेळची महानगरपालिका यांनी मिळून पुन्हा जिवंत केले. तेथे काठाने फिरण्याची वाट आहे, शेजारच्या शाळेतील मुले येतात, पाणपक्षी येतात, आणि जनावरांसाठी गवत कापून नेणाऱ्या जुन्या गावकऱ्यांनाही मज्जाव नाही. वावरण्याची जागा आणि राखण्याची जागा यांचा मेळ विचारपूर्वक घातला, तर दोन्ही नांदू शकतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या मंडळाशी संबंधित आहे. आपण परप्रांतीय, येथल्या जमिनीच्या भानगडीत आपण कशाला पडावे, अशी एक वृत्ती आपल्यात आढळते. ती नम्रतेची आहे असे आपल्याला वाटते, पण मला ती अर्धवट बिऱ्हाडकरूची वृत्ती वाटते. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी मराठी माणसाचा संबंध आहे. पण तो इतिहास बाजूला ठेवला तरी चालेल. १९५१ मध्ये आठ लाखांच्या आत असलेले हे शहर २०११ मध्ये ८४ लाखांच्या घरात गेले. ही वाढ बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांमुळेही झाली. ज्यांच्या घरांसाठी शेते आणि गोमाळे गेली, त्यांनीच उरलेल्या तळ्यांविषयी उदासीन राहावे, हे न्याय्य नाही. आणि उद्यानाच्या बाकावर बसणाऱ्याची मातृभाषा कोणी विचारीत नाही. परक्या शहरात आपल्या आईवडिलांना पहिली ओळखीची माणसे पुष्कळदा संध्याकाळी बागेतच भेटली, हे आपण घरोघरी ऐकले आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली : प्रत्येक सभासदाने आपल्या वसाहतीचा मंजूर नकाशा मिळवून, त्यातील उद्यानाची जागा कोठे आहे, ती कोणाच्या नावावर आहे आणि आज तिचा उपयोग काय होतो, हे पाहून यावे. या शहरासाठी २००७ साली मंजूर झालेला आराखडा २०१५ पर्यंतचा होता. २०३१ साठीचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे मागे घेण्यात आला. पुढचा मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा त्यावर लिहिण्याजोगी माहिती आपल्यापाशी असावी, आणि शक्यतो ती आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या बरोबरीने, त्यांच्या भाषेत लिहावी. दुसरी : आपला गणेशोत्सव. मूर्ती शाडूची असावी, लहान असावी, आणि विसर्जन तळ्यात न करता तळ्याकाठी मुद्दाम बांधलेल्या कल्याणीत करावे. हलसूरला आणि इतरत्र ती सोय आहे. ज्या पाण्याला आपण गंगा म्हणून नमस्कार करतो, ते रंगाने आणि प्लास्टरने गढूळ करणे आपल्याला शोभत नाही.

तिसरी सूचना थोडी कठीण आहे. मंडळाला स्वतःची वास्तू असावी, मोठे सभागृह असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि मीही तिच्यात सहभागी आहे. त्यासाठी जागा शोधताना उद्या कोणी उद्यानाचा एखादा कोपरा, तळ्याकाठची एखादी पट्टी आपल्याला देऊ केली, तर मंडळाने ती नाकारावी, असा ठराव आजच आपल्या दप्तरी नोंदवून ठेवावा. राजमहाल विलासच्या रहिवाशांसमोर रुग्णालयासारखे पुण्यकार्य उभे होते, तरी त्यांनी उद्यानाचा आग्रह सोडला नाही. आपले कार्यही चांगलेच आहे; म्हणूनच मोह अधिक मोठा असेल. वाईट हेतूने मागितलेली जागा लोक सहसा देत नाहीत. मोकळी मैदाने जातात ती बहुधा चांगल्या कामांसाठी.

नाटके आपण भाड्याच्या सभागृहातही करू शकतो, गेली पन्नास वर्षे करीतच आलो आहोत. पण एकदा बांधून टाकलेले मैदान पुन्हा मोकळे झाल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. पुढच्या पन्नास वर्षांत या मंडळाची जी मुले वाढतील, त्यांना मराठी यावी यासाठी आपण वर्ग चालवितो. त्यांना धावायला जागा असावी यासाठीही थोडा वेळ काढू या.